टुटा पतंग

टुटा पतंग : टोमॅटोचे पान, शेंडा व फळ पोखरणारा लहान निशाचर पतंग. कुल जेलेकिइडी. शास्त्रीय नाव थोरिमिया ॲब्सोल्युटा. टुटा ॲब्सोल्युटा हे आधीचे नाव अजून रूढ आहे. मूळ प्रदेश दक्षिण अमेरिका. पेरूमधील नमुन्यांवरून एडवर्ड मेरिक यांनी १९१७ मध्ये या जातीचे वर्णन केले. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये पोहोचली. भारतात तिची पहिली नोंद ऑक्टोबर २०१४ मध्ये पुणे परिसरातील टोमॅटोवर झाली. पुणे जिल्ह्यातच जुन्नर-नारायणगावचे टोमॅटो क्षेत्र आहे. त्यामुळे तिची ओळख येथे विशेष गरजेची ठरते.

स्वरूप : शरीराची लांबी ५ ते ७ मिमी., पंखांचा विस्तार सुमारे १० मिमी. रंग रुपेरी छटेचा करडा-तपकिरी. पुढच्या पंखांवर काळे ठिपके. शृंगिका बारीक, दोऱ्यासारख्या. त्यांवर फिकट व गडद वलये आळीपाळीने असतात. पतंग दिवसा पानांआड दडून बसतो. अंडी अर्ध्या मिलिमीटरहून लहान, पांढुरकी ते पिवळसर. अळी आधी फिकट, पुढे हिरवी व पाठीवर गुलाबी झाक असलेली. डोक्यामागे अरुंद काळा पट्टा ही तिची खूण. कोष तपकिरी, तो मातीत किंवा पानात आढळतो.

जीवनक्रम व नुकसान : मादी आयुष्यात सुमारे २६० पर्यंत अंडी घालते. अळीच्या चार अवस्था होतात. उष्ण हवेत जीवनक्रम महिन्याभरात पुरा होतो व वर्षात १० ते १२ पिढ्या होऊ शकतात. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खाते. नेहमीच्या नागअळीच्या (ही एका माशीची अळी) रेषा अरुंद व नागमोडी असतात. टुटाचे चट्टे मात्र रुंद, कागदी असून त्यांत काळी विष्ठा दिसते. फळांवर टाचणीएवढी छिद्रे पडतात. बटाटा, वांगे व कामोणीवरही ही कीड जगते.

नियंत्रण : अळी पानाच्या आत राहत असल्याने फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही; अनेक कीटकनाशकांना तिने प्रतिकारशक्तीही मिळवली आहे. कामगंध सापळ्यांत नर सापडू लागले की प्रादुर्भाव लवकर कळतो. कीडमुक्त रोपे लावावीत, पोखरलेली पाने व फळे वेळीच नष्ट करावीत आणि तोडणी संपल्यावर जुनी झाडे शेतात उभी ठेवू नयेत.