ग्रासाच्छादन आणि गृहस्वातंत्र्य : इंग्लंडांतील तरुण अपंगांच्या वसतीचा प्रश्न

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं जन्मांध, बधिर, मूक इत्यादि व्यक्तींस दायाचा अधिकार नाकारला. पण त्यांस यथाशक्ति आमरण ग्रासाच्छादन द्यावें असाही दंडक घातला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत या दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात. परंतु कोठें व कोणाबरोबर राहावें हें ठरविण्याचा अधिकार अशा मनुष्यास आहे कीं नाहीं, हा प्रश्न तेथें उपस्थितच होत नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडमध्यें तो खुद्द अपंगांनींच उपस्थित केला. ही हकीकत कागदपत्रांच्या दृष्टीनेंही बोधप्रद असल्यामुळें ती येथें संक्षेपानें देत आहों.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यानें ‘पुअर लॉ’ हा जुना कायदा रद्द केला. तथापि नव्या कायद्याच्या तिसऱ्या भागांतील वसतिविषयक कलमांत वार्धक्य व दुर्बलता हीं दोन कारणें शेजारीं शेजारीं बसविलीं होतीं. मसुद्यांतील ही जोडी इमारतींतही उतरली. जुन्या वर्कहाउसांपैकीं कित्येक इमारती वृद्धगृहें किंवा रुग्णालयें म्हणून चालू राहिल्या, आणि ज्यांची घरीं शुश्रूषा होऊं शकत नसे अशा तरुण अपंगांची खाट पुष्कळदां वृद्धांच्याच रांगेंत पडे.

त्याच सालीं हॅम्पशायर परगण्यांतील ‘ले कोर्ट’ या वाड्यांत लेनर्ड चेशायर या माजी वैमानिकानें एका मरणोन्मुख रुग्णास आश्रय दिला. त्यांतून चेशायर-गृहांची परंपरा निघाली. हेतु उदार होता यांत संशय नाहीं. पण १९५६ सालीं तेथें आलेला पॉल हंट हा तरुण व त्याचे सोबती यांस रात्रीं निजावें केव्हां इतक्या साध्या गोष्टीसाठींही व्यवस्थापकांशीं झगडावें लागलें. येथील रहिवाशांनींच पुढें संशोधकांस पाचारण केलें. मिलर व ग्विन यांचा ग्रंथ १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अशा संस्थांतील जीवनास सामाजिक मृत्यु म्हटलें आहे. तथापि संस्था असावी कीं नाहीं हा मूळ प्रश्न बाजूस ठेवून ती कशी चालवावी इकडेच ग्रंथकारांनीं भर दिला. हंट यांनीं त्यावर केलेली कठोर टीका त्यांच्या निधनानंतर १९८१ सालीं छापली गेली.

आल्फ मॉरिस यांनीं मांडलेल्या १९७० च्या कायद्यानेंच हा प्रश्न सुटला असें मानण्याकडे कोणाची प्रवृत्ति होईल. त्याच्या १७ व्या कलमान्वयें, दीर्घकालीन शुश्रूषेसाठीं रुग्णालयांत असलेल्या ६५ वर्षांखालील मनुष्यास वृद्धांच्या विभागांत ठेवूं नये यासाठीं शक्य तितका यत्न करण्याची जबाबदारी रुग्णालयांच्या मंडळांवर आली. आमच्या मतें हें समाधान अपुरें होतें. या कलमानें दोन रांगा वेगळ्या केल्या, पण रांग मोडली नाहीं. त्यानंतर तरुण अपंगांसाठीं जे स्वतंत्र विभाग उघडले, तेही बहुधा रुग्णालयांच्याच आवारांत होते.

खरा पर्याय १९७६ सालीं नॉटिंगहॅमशायरमधील सटन-इन-ॲशफील्ड येथें दिसतो. केन व मॅगी डेव्हिस या दांपत्याच्या खटपटीनें ग्रोव्ह रोडवर सहा बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली. तळमजल्यावर अपंगांची बिऱ्हाडें व वरच्या मजल्यावर साहाय्य करणाऱ्या कुटुंबांची. येथें साहाय्यक हा शेजारी होता, अधीक्षक नव्हे.

याहून पुढचें पाऊल ले कोर्टच्या रहिवाशांनींच टाकलें. १९७९ सालीं त्यांनीं ‘प्रोजेक्ट ८१’ नांवाची योजना हातीं घेतली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : आपल्यासाठीं स्थानिक सरकार संस्थेस जी रक्कम देतें तीच आपणांस मिळाली तर आपण घर घेऊं व मदतनीसही नेमूं. थेट रोख देण्यास कायद्याची आडकाठी होती, म्हणून ती रक्कम मध्यस्थ संस्थेच्या हातून देण्याची तोड काढली. जॉन इव्हान्स १९८३ सालीं या मार्गानें बाहेर पडले. १९९६ च्या कायद्यानें थेट रक्कम देण्यास मोकळीक दिली. गंमत अशी कीं प्रारंभीं ती सवलत ६५ वर्षांखालील लोकांपुरतीच होती, वृद्धांस ती २००० सालीं मिळाली. ज्यांच्या रांगेंतून तरुण सुटले ते वृद्ध मागेंच राहिले!

आतां साधनांविषयीं दोन शब्द. केवळ व्यवस्थापकांचे वार्षिक अहवाल पाहिले तर हा इतिहास दानशूरांचा वाटतो. रहिवाशांचीं पत्रें व त्यांनीं चालविलेलें नियतकालिक पाहिलें म्हणजे तो अपंगांचा ठरतो. २० सप्टेंबर १९७२ रोजीं ‘गार्डियन’ पत्रांत छापलेलें हंट यांचें छोटेंसें पत्र एका संघटनेचा पाया ठरलें, हें या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हा विषय आपणांस परका नाहीं. चेशायर-गृहांची शाखा १९५५-५६ च्या सुमारास मुंबईस अंधेरी येथेंही निघाली. आपल्याकडील अनाथगृहें, अन्नछत्रें व धर्मार्थ रुग्णालयें यांचीं दप्तरें जेथें जेथें असतील तेथें संग्राहकांनीं दात्यांच्या याद्यांबरोबर आश्रितांचे अर्ज व तक्रारीही जपून ठेवाव्या, अशी आमची विनंति आहे. सनदा जपणारे पुष्कळ आहेत. अर्ज मात्र रद्दींत जातात. आणि ग्रासाच्छादन मिळालेल्या मनुष्यास आणखी काय हवें होतें, हें त्या अर्जांवांचून आपणांस कळणार नाहीं.