पडद्यावरचे पान आणि त्याचे जुळारी

इ. स. १८४२ च्या जून महिन्यात अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे पत्र निघू लागले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी ते चालविले आणि रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन हे त्याचे आरंभीचे संपादक होते. त्या पत्राने कोणत्या मताचा पुरस्कार केला, हा येथे विषय नव्हे. येथे पाहावयाचे ते त्याचे पान. नगरहून सुटलेला अंक नेवाशास जावो की मुंबईस, समईच्या उजेडात कोणी वाचो की भर दुपारी ओसरीवर, पानाचे रूप काही पालटत नसे. समास जितका सोडला तितकाच, ओळ जेथे मोडली तेथेच मोडलेली. वाचकाच्या हाती जे पडे ते तयार पान.

हे पान तयार करणाऱ्यांचे कष्ट मात्र थोडेथोडके नव्हते. रोमन अक्षरे एकामागून एक ओळीत उभी केली की शब्द होतो. बाळबोध लिपीस तसे चालत नाही. तिची वेलांटी अक्षराच्या आधी येते, मात्रा डोक्यावर, उकार पायाखाली, आणि रफार तर ज्या अक्षराच्या आधी उच्चारावयाचा त्याच्याच माथ्यावर जाऊन बसतो. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी या लिपीचे सुबक खिळे पाडले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. या मंडळींनी लिपीच्या सर्व अडचणी छापखान्याच्या चार भिंतींच्या आत सोडविल्या. खिळे जुळविणारा जुळारी एका ठिकाणी, आणि वाचक हजार ठिकाणी, अशी ती व्यवस्था होती.

संगणकाच्या पडद्यावरील पानाचा इतिहास समजून घ्यावयाचा तर ही व्यवस्था उलटी झाली, हे प्रथम ध्यानी धरले पाहिजे. येथे लेखकाकडून वाचकाकडे तयार पान जात नाही. जातो तो मजकूर आणि त्याच्या जोडीला काही सूचना: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. पान जुळविण्याचे काम वाचकाच्या स्वतःच्या यंत्रावर बसलेला एक कार्यक्रम करतो. त्याला ब्राउझर म्हणतात. म्हणजे जुळारी छापखाना सोडून वाचकाच्या घरी राहावयास गेला. आणि घरोघरचा जुळारी निराळा, त्याची शिकवण निराळी. पुढील पाव शतकाची सारी कटकट या एका स्थलांतरातून उद्भवली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये या जाळ्याची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे शास्त्रज्ञांची टिपणे होती. टिपणांस नटविण्याची गरज कोणास वाटली नव्हती. परंतु १९९३ मध्ये मोझेक, १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर, असे ब्राउझर एकामागून एक आले. सामान्य लोक या बाजारात शिरले आणि पानाला रूप हवे, अशी मागणी सुरू झाली. मग रंगाची सूचना, अक्षराच्या आकाराची सूचना, मध्यभागी आणण्याची सूचना, अशी ठिगळे मजकुराच्याच अंगाला लावण्यात येऊ लागली. आकडे मांडण्यासाठी निर्माण झालेल्या तक्त्यांचा उपयोग स्तंभ पाडण्यासाठी होऊ लागला, आणि जागा अडविण्यासाठी डोळ्यांना न दिसणारी, एका ठिपक्याएवढी चित्रे पेरण्यात येऊ लागली. पान दिसे नेटके. पण त्यातला मजकूर कोणता आणि टेकू कोणता, हे वेगळे काढणे कठीण होऊन बसे. अंध वाचकास पान वाचून दाखविणाऱ्या यंत्राची तर या तक्त्यांत पुरती दिशाभूल होत असे.

सर्नमध्येच काम करणारे नॉर्वेचे होकून विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी यावर एक उपाय सुचविला. मजकूर एका कागदावर असावा आणि रूपाचे नियम दुसऱ्या कागदावर; लेखकाने आपले नियम सांगावेत, वाचकानेही आपली आवड सांगावी, आणि दोहोंचा मेळ कोणत्या क्रमाने घालावयाचा हे आधीच ठरलेले असावे. नियमांच्या या पायऱ्यांवरून वरून खाली ओघळत येण्याच्या रीतीमुळे या कागदास 'कॅस्केडिंग स्टाइल शीट्स', म्हणजेच सीएसएस, हे नाव पडले. हॉलंडचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. बर्नर्स-ली यांनीच स्थापन केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मंडळाने १७ डिसेंबर १९९६ रोजी या पद्धतीची पहिली संहिता प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली.

संहिता झाली, आचरण कोठे होते? धर्मशास्त्रातील वचन एक आणि त्यावरील टीकाकार चार, अशी अवस्था व्हावयास वेळ लागला नाही. एका चौकटीचेच उदाहरण पुरे आहे. लेखकाने सांगितले की, चौकटीची रुंदी ३०० ठिपके, आत दोहों बाजूंस वीस-वीस ठिपक्यांची मोकळी जागा आणि कडेला पाच-पाच ठिपक्यांची रेघ. संहितेप्रमाणे ३०० ही केवळ मजकुराची रुंदी. मोकळी जागा व रेघ तिच्या बाहेर. तेव्हा चौकट एकंदर ३५० ठिपक्यांची झाली पाहिजे. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती म्हणे की, ३०० म्हणजे सगळे धरून ३००. मग मजकुरास उरले २५०. पन्नास ठिपक्यांचा हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु तीन स्तंभांच्या पानात तो तीनदा पडे, आणि तिसरा स्तंभ जागा न मावल्यामुळे खाली घसरून पानाच्या तळाशी जाऊन पडे.

यावर ज्या युक्त्या निघाल्या त्या मनोरंजक आहेत. टँटेक चेलिक यांनी एक्सप्लोररच्या वाचनातील दोषच हाताशी धरला. त्यांनी नियम अशा रीतीने लिहिला की, जुना ब्राउझर एका ठिकाणी अडखळून पुढचे वाचावयाचे सोडून देई. त्या जागेच्या आधी त्याच्यापुरते खोटे माप आणि नंतर इतरांसाठी खरे माप! सहाव्या आवृत्तीतील एक दोष याहून विचित्र होता. डावीकडे सरकविलेल्या चौकटीस डावा समास दिला की तो दुप्पट पडे. उपाय काय, तर त्या चौकटीस 'ओळीत बस' अशी एक सूचना द्यावयाची. संहितेप्रमाणे सरकविलेल्या चौकटीवर त्या सूचनेचा काहीच परिणाम होत नाही. पण ती दिली की एक्सप्लोरर समास नीट सोडी. वैदूच्या झाडपाल्यासारखी ही औषधे होती: गुण येई, कारण कळत नसे. काहींना या विद्येचा अभिमान वाटू लागला. तो अस्थानी होता. कारण दोषावर उभारलेली युक्ती दोष गेला की स्वतःच दोष ठरते, आणि पुढे तसेच झाले.

खरा मार्ग १९९८ पासून दिसू लागला. त्या साली जेफ्री झेल्डमन प्रभृतींनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' ही चळवळ उभारली आणि ब्राउझर करणाऱ्या कंपन्यांकडे संहितेचे पालन करा, असा धोशा लावला. त्याच वर्षी टॉड फारनर यांनी कसोटीचे एक पान रचले. सोने कसाला लावावे तसा ब्राउझर त्या पानाला लावावयाचा. प्रश्न एवढाच राहिला की, उद्या ब्राउझर सुधारला तर काल चुकीच्या मापाने लिहिलेल्या लक्षावधी पानांचे काय? या पेचावर २००० साली मॅकिंटॉशसाठी निघालेल्या एक्सप्लोररने तोडगा आणला. पानाच्या पहिल्या ओळीत संहितेचा पूर्ण निर्देश असेल तर नव्या शास्त्राप्रमाणे मांडणी करावयाची, नसेल तर जुन्या वहिवाटीप्रमाणे. नवे पान लिहिणारास एका ओळीत आपला पक्ष सांगता आला आणि जुने पानही मोडले नाही. या साऱ्या इतिहासातील अत्यंत शहाणपणाची गोष्ट हीच, असे मानावयास हरकत नाही.

पाश्चात्त्यांचा तंटा असा समासाचा आणि स्तंभाचा होता. मराठी माणसाची अडचण त्याच्या आधीच सुरू होत असे, ती अक्षरापाशी. ती समजावयास नगर जिल्ह्याचीच नावे घ्यावीत. 'कर्जत' हा शब्द यंत्रात साठवताना क, र, हलन्ताची खूण, ज, त या क्रमाने ठेवावयाचा, आणि दाखविताना त्या र-चा रफार करून ज-च्या माथ्यावर न्यावयाचा. 'पाथर्डी'तला रफार ड-ची वेलांटी ओलांडल्यावाचून नीट बसत नाही. 'श्रीगोंदे' लिहावयाचे तर श आणि र मिळून एक निराळेच रूप होते. अकोले तालुक्यातल्या सह्याद्रीच्या 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' यांत तर मराठीचाच खास भेद आहे. हिंदीपुरते तयार केलेले यंत्र तेथे हमखास चुके.

युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संहितेत १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. त्याला भारतात तयार झालेल्या 'इस्की' या संकेताचा आधार होता. परंतु ब्राउझर व यंत्रे यांस त्याप्रमाणे अक्षरे जुळविता येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. तोवर काम अडून राहणे शक्य नव्हते. तेव्हा श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांनी रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. फॉन्ट जवळ असेल त्याला मराठी दिसे. नसेल त्याला रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच. प्रत्येक संचाची घरे निराळी असल्यामुळे एकाचे पान दुसऱ्याच्या फॉन्टात वाचता येत नसे. १९९७ मध्ये पानाबरोबरच फॉन्ट धाडण्याची सोय झाली. पण नेटस्केपची रीत एक आणि एक्सप्लोररची दुसरी, म्हणून एकाच मजकुरासाठी फॉन्टाच्या दोन-दोन प्रती ठेवाव्या लागत. शिवाय अशा पानावर 'कर्जत' शोधावयास गेले तर सापडेना, कारण यंत्राच्या लेखी त्या पानावर 'कर्जत' नव्हतेच. दुरून मराठीसारखे दिसणारे एक चित्र तेवढे होते. त्या काळी असे लिहिलेले पुष्कळ मराठी साहित्य फॉन्टाबरोबरच वाचनाबाहेर गेले, ही हानी समासाच्या दुप्पटीहून फार मोठी होय.

विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. तो घडविणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे मराठी कवी व सुलेखनकार होते. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडाच्या पायावर. तरी विंडोज एक्सपी वापरणाऱ्या कित्येकांस मूळ तबकडी घालून जटिल लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे. त्याशिवाय वेलांटी अक्षराच्या मागे लोंबे आणि जोडाक्षर फुटे.

अक्षर उमटले म्हणजे मांडणी साधली असे नव्हे. सीएसएसचे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी होती. रोमन शीर्षकातील अक्षरांमध्ये अंतर वाढविले की ते भारदस्त दिसते. मराठीत तेच केले की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने धरले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस जाऊन भिडतो. यात ब्राउझरचा दोष नाही, मराठी पान लिहिणारानेच ओळीचे माप सढळ ठेवावयास हवे. निर्णयसागरच्या जुळाऱ्याला हे कोणी सांगावे लागले नसते.

इकडे मूळ तंटाही मिटत आला. सहाव्या एक्सप्लोररनंतर पाच वर्षे नवी आवृत्ती आली नाही. दरम्यान २००४ मध्ये फायरफॉक्सने संहितेचे पालन हीच आपली शोभा मानली. सातवी आवृत्ती २००६ मध्ये आली. स्तंभ पाडण्याची खरी सोय, ज्यास ग्रिड म्हणतात, ती २०१७ च्या मार्च महिन्यात फायरफॉक्स, क्रोम व सफारी या तिन्ही ब्राउझरांत जवळजवळ एकाच वेळी उतरली. असा एकोपा पूर्वी कोणी पाहिला नव्हता. याच ग्रिडचा प्रारंभीचा प्रस्ताव आणि पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टची होती, हे तिच्या टीकाकारांनी विसरू नये. चौकटीच्या मापाचेही तसेच. सगळे धरून ३०० ही एक्सप्लोररची चाल पुढे ऐच्छिक नियम म्हणून संहितेत आली आणि आज पाने रचणारे बहुतेक जण तीच पत्करतात. चूक होती ती मापाची नव्हे, एकट्याने ठरविण्याची. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार कंपनीने १५ जून २०२२ रोजी काढून घेतला.

२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. 'अहमदनगर' या जुन्या नावात सात अक्षरे आणि एकही काना, मात्रा, वेलांटी वा जोडाक्षर नाही. कोणत्याही अडाणी यंत्राने ते बिनचूक दाखविले असते. 'अहिल्यानगर' यंत्रात दहा संकेतांनी लिहावे लागते: ह-ची वेलांटी मागे साठवून पुढे दाखवावयाची, ल-चा पाय मोडून तो य-ला जोडावयाचा आणि मग काना. आजचे ब्राउझर हे नाव सारखेच दाखवितात. मात्र परिच्छेदाचे आद्याक्षर मोठे काढण्याचा जो नियम सीएसएसमध्ये पहिल्यापासून आहे, त्यात 'श्रीरामपूर' या शब्दाचे आद्याक्षर 'श्री' धरावे की नुसते 'श्', याविषयी संहितेतच दीर्घकाळ स्पष्टता नव्हती. देवनागरीतील जोडाक्षर हे एकच अक्षर समजावे, असा सर्वसामान्य नियम युनिकोडाने केला तो २०२३ च्या सप्टेंबरात, आपल्या १५.१ या आवृत्तीत.