‘तो’ या शब्दाची व्याप्ती

२०१३ च्या नोव्हेंबरात संगणकतज्ज्ञांमध्ये एका सर्वनामावरून मोठे वादळ उठले. ‘नोड-जेएस’ या विख्यात प्रणालीच्या पायाशी ‘लिबयूव्ही’ नावाचा मुक्त-स्रोत आज्ञासंच आहे. असा संच कोणीही वाचावा, कोणीही सुधारणा सुचवावी, अशी तेथील रीत. एकाने सुचविले की, टिपणांत वापरकर्त्यासाठी योजलेले पुल्लिंगी सर्वनाम काढून तेथे लिंगनिरपेक्ष शब्द घालावा. टिपणे यंत्रासाठी नसतातच. कंपायलर ती गाळून टाकतो. ती वाचतात केवळ माणसे. संच सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने क्षुल्लक म्हणून सूचना नाकारली.

प्रथमदर्शनी आम्हांसही ती क्षुल्लकच वाटली. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे तेरावे कलम आम्हां सरकारी कारकुनांना परिचयाचे : पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा अंतर्भाव समजावा. मग तक्रार कसली? परंतु ‘संदर्भाशी विसंगत नसेल तर’ ही त्यातील पुस्ती आम्ही नेहमी विसरतो, आणि सारी मेख तेथेच आहे. इंग्लंडात असाच नियम १८५० पासून होता. त्यावर विसंबून मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मताधिकार मागितला. १८६८ साली, चॉर्ल्टन विरुद्ध लिंग्ज या खटल्यात, न्यायासनाने तो नाकारला. आपल्याकडे रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन अलीपूरला वकिलीची परवानगी मागितली. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने तेरावे कलम बाजूस सारून ती नाकारली. १९२३ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. दंडविधानातील ‘तो’मध्ये मात्र १८६० पासून स्त्रीचा समावेश निर्विवाद होता! शिक्षेपुरती तिला जागा होती.

हे ध्यानात घेता ती सूचना आम्हांस क्षुल्लक म्हणवत नाही. आणि क्षुल्लकच असती, तर स्वीकारण्यास तरी काय हरकत होती?

पुढचा प्रकार मात्र आम्हांस रुचला नाही. दुसऱ्या सहकाऱ्याने बदल स्वीकारला, पहिल्याने तो रीतीविरुद्ध म्हणून उलटविला. तेव्हा नोड-जेएसचे पालकत्व जॉयंट कंपनीकडे होते. हा आमचा नोकर असता तर काढून टाकला असता, असे तिच्या संकेतस्थळावर जाहीरपणे लिहिले गेले. तो गृहस्थ डच; इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हे. परक्या भाषेतील सर्वनामाचे वजन त्यास उमगले नसेल, हा विचार फार थोड्यांनी केला. अखेर त्याने ते काम सोडले.