ख्रिस्तपुराण : तारणाऱ्याची मराठी कथा

फादर स्टीफन्सच्या, मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या होत्या, आठवतं? परीक्षेत त्यांचं रसग्रहण हमखास यायचं. मीही ते लिहून मार्क मिळवले. पण त्या ओव्या ज्या ग्रंथातल्या, तो ग्रंथ आहे कशाबद्दल, हे मी कधी विचारलं नाही. स्मरणिकेसाठी लिहायचा आग्रह झाला, तेव्हा ठरवलं की तो राहून गेलेला प्रश्न आता हाती घ्यायचा.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. १५७९ साली ते गोव्याला आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये सासष्टीतल्या रायतूर इथे छापलं गेलं. त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ असा : आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं विवेचन. सुमारे ११ हजार ओव्यांचा विषय या शीर्षकातच सांगितला आहे. मराठीची स्तुती ही त्यातली प्रस्तावनेपुरती गोष्ट.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाची उत्पत्ती, आदाम आणि एवेचं पाप, मोशे आणि संदेष्टे येतात. दुसऱ्यात येशूचा जन्म, शिकवण, क्रूसावरचं मरण आणि पुनरुत्थान. वरवर पाहता या दोन वेगळ्या कथा वाटतात. पण पहिली सगळी कथा दुसरीची वाट पाहते आहे. माणूस पापात अडकला, स्वतःच्या बळावर त्याला सुटता येत नाही, म्हणून देव स्वतः माणूस होऊन आला आणि त्याने आपला प्राण दिला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती धारणा. 'येशू' या नावाचा अर्थच 'परमेश्वर तारतो' असा आहे. ख्रिस्त हा नुसता उपदेश करणारा गुरू असता, तर त्याची वचनं पुरेशी होती. तो तारणारा आहे, म्हणून त्याचं येणं, मरणं आणि उठणं यांनाच महत्त्व आहे.

चर्चचं सगळं वर्षही याच क्रमाने चालतं. नाताळाआधीचे आगमनाचे आठवडे, मग नाताळ, उपवासकाळ, गुड फ्रायडे, ईस्टर. दर रविवारच्या मिस्सेत त्याच मरणाची आणि पुनरुत्थानाची आठवण केली जाते. गोव्यातल्या चर्चमध्ये रविवारी आणि सणांना ख्रिस्तपुराण वाचलं जाई, ते याच चौकटीत.

पण ऐकणारे कोण होते, हे विसरून चालणार नाही. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतली देवळं पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं, आणि मग गावच्या प्रमुखांनाही कपटाने ठार करण्यात आलं. बाप्तिस्मा घेतलेल्यांना जुनी पुराणं वाचायला बंदी होती. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो : आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? उत्तरादाखल स्टीफन्सनी ज्ञानेश्वर-एकनाथांचा ओवीछंद घेतला, आधी नमन घातलं आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. ज्यांचं बरंच काही हिरावलं गेलं होतं, त्यांना हा नवा तारणारा निदान त्यांच्या ओळखीच्या वाणीत भेटला. त्याने हिरावलेलं परत आलं नाही. तरीही तो प्रश्न ऐकून घेऊन ग्रंथात नोंदवणारा एक माणूस तिथे होता, हे मला मोठं वाटतं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. स्टीफन्सना हा मजकूर देवनागरीत छापायची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोममधल्या आपल्या वरिष्ठांना तसं पत्रही लिहिलं. अडचण होती खिळ्यांची. आपल्या जोडाक्षरांसाठी शेकडो साचे लागत होते. म्हणून मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत पडद्यावर जोडाक्षरं नीट उमटवण्यासाठी मी रात्री जागवल्या आहेत, त्यामुळे ते पत्र मला एखाद्या जुन्या सहकाऱ्याचं वाटलं.

१६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या जपल्या. १९०७ मध्ये मंगळूरला तो रोमन लिपीत पुन्हा छापला गेला, तर १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती निघाली. स्टीफन्सच्या त्या पत्रानंतर ३४८ वर्षांनी!

गोव्याच्या कोंकणीत आजही येशूला 'सोडवणदार' म्हणतात आणि मराठी बायबलात 'तारणारा'. पहिल्या शब्दात बंधनातून सुटणं आहे, दुसऱ्यात पैलतीराला नेणं. दोन्ही शब्द लोकांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

मित्रमैत्रिणींनो, ही आपल्या शाळेतली मूठभर ओव्यांची कविता नव्हती, एका समाजाची चारशे वर्षांची श्रद्धा होती. आपल्या वर्गात ख्रिस्ती मुलंही होती. त्यांच्या घरी रविवारी काय वाचतात, हे आपण त्यांना कधीच विचारलं नाही. या संमेलनात भेटलो की मी विचारणार आहे.