नाव, भाषा आणि बाजू : मोबाईलवरचा वाद कुठे जातो?

जिल्ह्याचे नाव बदलण्याचा विषय निघाला तेव्हा अनेक घरांनी हे अनुभवले असेल. मोबाईलवर ‘अहमदनगर’ लिहिले की माणूस एका बाजूचा ठरायचा, ‘अहिल्यानगर’ लिहिले की दुसऱ्या. पुढचे वाक्य कुणी वाचायचेच नाही.

आधी घटनाक्रम पाहू. ३१ मे २०२३ रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चौंडीत नामांतराची घोषणा केली. १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. केंद्राच्या संमतीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव अधिकृत झाले. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातले, आणि शहर वसवले मलिक अहमद निजामशहाने, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे दोन्ही नावे इथलीच. तरी वाद इतिहासावर थांबला नाही, कारण नाव हीच राजकीय ओळख झाली.

दुसरी अडचण भाषेची. आपली मुले उर्दू, दखनी आणि मराठी एकाच दिवसात बोलतात. पण उर्दूतली चर्चा उर्दूवाल्यांपुरती आणि मराठीतली मराठीवाल्यांपुरती राहते. दोन्हीकडे सगळे माना डोलावतात आणि आपलेच बरोबर म्हणून उठतात. शब्दही फसवतात. मराठीत ‘कट्टर कार्यकर्ता’ हे कौतुक, उर्दूत ‘कट्टर’ म्हणजे धर्मांध. वर्गात मी “दंगा करू नका” म्हणते ते मस्तीबद्दल. हिंदी-उर्दू वाचणाऱ्याला त्यात दंगलच दिसेल. मन आधीच बिथरलेले असेल तर वाचणारा वाईट तोच अर्थ धरतो.

याची किंमत मोठी असते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून तणाव वाढला आणि रस्त्यावर दगडफेक झाली. दोन गटांत शत्रुत्व पसरवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही; समान हेतू दिसला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे.

मग करायचे काय?

• वाद ज्या भाषेत सुरू झाला त्याच भाषेत उत्तर द्या. मराठी वाचकाला मराठीत सांगा.
• नावावर मत मांडायचे तर तारीख आणि कागद घेऊन मांडा, टोमणा नको.
• रागात स्टेटस ठेवू नका. लिहा, घरातल्या मोठ्यांना दाखवा, मगच ठरवा.
• भडक मजकूर पुढे पाठवू नका, ‘बघा काय लिहिलंय’ म्हणूनही नाही.

पातूर नगरपरिषदेच्या उर्दू फलकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले, की भाषा म्हणजे धर्म नव्हे. उर्दू आपली आहे, तशी मराठीही आपलीच आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी शेकडो वर्षांपूर्वी मराठीतच ग्रंथ लिहिले. आपले म्हणणे शेजाऱ्यापर्यंत पोहोचवायचे तर मुलांना नीट मराठी लिहिता आलेच पाहिजे.