उपाय लागू पडला, पण कारण सापडलं का?

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "हायपोथिसिस तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" व्याख्या सगळ्यांना पाठ असते. अडतं ते पुढं. म्हणून आज पुस्तक बाजूला ठेवून आपण गॅरेजमध्ये जाऊ. माझं एम.एस्सी. फिजिक्समधलं आणि गाव टेंभुर्णी. पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव, त्यामुळे बंद पडलेल्या गाड्या आणि त्या उघडून बसलेले मिस्त्री हे इथलं रोजचं दृश्य. जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि तो तुमच्या प्रयोगशाळेतही येणार आहे: उपाय लागू पडला, म्हणजे कारण कळलं का?

रेडिएटर नसलेली गाडी

आधी थोडी पार्श्वभूमी. बहुतेक मोटारींमध्ये इंजिनाची उष्णता पाण्यात जाते आणि तिथून रेडिएटरमार्फत हवेत. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात हा पाण्याचा टप्पाच नसतो. सिलिंडरवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना फिन्स म्हणतात. त्यांच्यामुळे हवा लागणारं क्षेत्रफळ वाढतं. पाणी नाही, म्हणून गळती नाही आणि थंडीत गोठणंही नाही. अमेरिकेतल्या फ्रँकलिन कंपनीनं १९०२ ते १९३४ अशा गाड्या बनवल्या.

पण सगळ्यांनाच ते जमलं नाही. जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तांब्याच्या फिन्स असलेलं इंजिन तयार केलं आणि १९२३ मध्ये ते शेवरोले गाडीत बसवलं. ७५९ गाड्या बनल्या, त्यातल्या साधारण १०० ग्राहकांपर्यंत पोचल्या आणि त्याच वर्षी कंपनीनं त्या परत मागवल्या. गाड्या तापत होत्या. संशोधन विभाग म्हणे कारखान्यानं नीट बनवल्या नाहीत, कारखाना म्हणे डिझाइनच कच्चं. बिघाड एक, स्पष्टीकरणं दोन. भांडण मिटण्याआधी गाडीच संपली.

यश मिळालं ते फर्डिनांड पोर्शे यांच्या फोक्सवॅगन बीटलला. जुलै २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडली, तोपर्यंत २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. आपल्याकडे मात्र हे तंत्र घरोघरी पोचलं ते स्कूटरच्या रूपानं. इटलीत १९४६ मध्ये कोरादिनो दास्कानियो या विमान-हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरनं व्हेस्पा तयार केली. तिचं इंजिन पत्र्याच्या गालाखाली झाकलेलं, म्हणून फ्लायव्हीललाच पाती देऊन हवा सिलिंडरवर ढकलायची सोय केलेली. बजाज ऑटोनं पियाज्जिओच्या परवान्यानं तीच स्कूटर पुण्याजवळ आकुर्डीला बनवली. करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. नवीन स्कूटरसाठी लोकांना वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं, त्यामुळे हातातली जुनी गाडी काहीही करून चालती ठेवणं ही गरजच होती. दुरुस्तीचं एवढं ज्ञान गावागावांत साठलं त्याचं हे एक मोठं कारण.

बीटलच्या गमती

बीटलच्या काही मॉडेलमध्ये काच धुण्याचं पाणी उडवायला स्टेपनीतली हवा वापरायचे. स्टेपनीत ठरावीक हवा शिल्लक राहावी म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह होता. तो बिघडला, की काच स्वच्छ आणि स्टेपनी बसलेली! पंक्चर झाल्यावर माणूस टायरमध्ये खिळा शोधणार, काच धुण्याची बाटली कशाला बघेल?

दुसरी गंमत बॅटरीची. ती मागच्या सीटखाली असायची. वरचं झाकण हरवलेलं असलं आणि वजनदार पाहुणे मागं बसले, की सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकायच्या, शॉर्ट व्हायचं आणि सीटमधून धूर! मालक बिचारा मागं असलेल्या इंजिनाकडे धावायचा.

आता जरा गंभीर प्रकरण. बीटलच्या चार सिलिंडरांपैकी तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इतरांच्या आधी जायचा. मिस्त्री व्हॉल्व्ह बदलायचे, गाडी चालायची, काही काळानं पुन्हा तेच. व्हॉल्व्हचा माल खराब, असं म्हणणं सोपं होतं. पण मग तिसराच का? कारण पंख्याच्या आवरणात तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवरच ऑइल कूलर उभा होता. त्याच्यातून पुढं जाणारी हवा आधीच गरम झालेली आणि कमी. कंपनीनं आधी त्या सिलिंडरचं टायमिंग काही अंश मागं घेऊन वेळ मारून नेली. १९७० च्या सुमारास कूलर बाहेर काढून त्याला वेगळं खोकं दिलं, तेव्हा मूळ कारणाला हात लागला. व्हॉल्व्ह बदलणं, टायमिंग मागं घेणं, कूलर हलवणं: तिन्ही उपाय 'चालले'. पण कारण सांगणारा एकच.

वळणावरचा नारळ

टेंभुर्णीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी मला सांगितलेला हा किस्सा. एका शेतकऱ्याची स्कूटर अकलूजला जाताना नेहमी एकाच वळणाच्या आसपास बंद पडायची. टेंभुर्णीत टाकी फुल्ल करायची, निघायचं आणि त्या वळणावर थांबायचं. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, जेट बदललं. काही उपयोग नाही. शेवटी घरच्यांनी ठरवलं, त्या जागेतच काहीतरी आहे. नारळ फुटायला लागले. आणि नारळ फोडला की गाडी खरंच चालू व्हायची!

मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "बंद पडल्यावर तुम्ही पहिलं काय करता?" मालक म्हणाला, "झाकण उघडून पेट्रोल बघतो की."

इथंच सगळं होतं. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून तेवढी हवा आत यावी लागते. धूळ आणि ऑइलच्या चिकट्यानं ते भोक जवळजवळ बुजलं होतं. टाकीत हळूहळू दाब कमी व्हायचा आणि पेट्रोल उतरायचं थांबायचं. झाकण उघडलं की हवा आत, गाडी चालू. श्रेय मात्र नारळाला. सुरुवात एकाच ठिकाणाहून, टाकी दरवेळी फुल्ल, म्हणून बंद पडण्याची जागाही साधारण तीच.

मिस्त्रींनी पुढं जे केलं ते लक्ष देऊन वाचा. त्यांनी लगेच भोक साफ केलं नाही. आधी मालकाला सांगितलं, अकलूजला टाकी भरा आणि तिकडून इकडं या. गाडी दुसऱ्याच ठिकाणी बंद पडली. वळण निर्दोष सुटलं! मग सांगितलं, पुढच्या वेळी नारळ, विश्रांती काही नको, फक्त झाकण उघडा आणि किक मारा. गाडी सुरू. त्यानंतर सुईनं भोक मोकळं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, याला आपण कंट्रोल म्हणतो. आणि झाकण उघडून 'बघणं' हाच इथं उपाय होता. आपलं निरीक्षण प्रयोगात ढवळाढवळ करतं, ते असं.

तुमच्यासाठी गृहपाठ: स्कूटर आडवी का करायची?

सकाळी चालू न होणारी स्कूटर एका बाजूला आडवी करून मग किक मारणारे वडील किंवा काका तुम्ही पाहिले असतील. कोणी म्हणतं, तळाचं पेट्रोल नळीकडे येतं. कोणी म्हणतं, कार्बोरेटरमधून जास्त पेट्रोल आत जातं आणि थंड इंजिनाला तेच हवं असतं. तिसरी शक्यता कोणी बोलत नाही: आडवी-उभी करण्यात जो वेळ गेला, त्यात आधीच्या किकांनी ओला झालेला प्लग वाळला.

आता प्रयोग आखा. टाकी भरलेली असतानाही उपाय चालतो का? इंजिन गरम असताना? आणि नुसतं तेवढाच वेळ थांबलं तर? हा शेवटचा प्रश्न ज्याला आपोआप सुचतो, त्याची संशोधनाची तयारी झाली असं समजा.

ऊन लागलं म्हणून तापली?

सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. हवेवर थंड होणारी गाडी तापली, की सगळे उन्हाला दोष देतात. ढोबळ हिशेब करू. उष्णता बाहेर पडण्याचा वेग तापमानातल्या फरकावर अवलंबून असतो. फिन्स १८० अंशांवर असतील आणि हवा २० वरून ४२ वर गेली, तर फरक १६० वरून १३८ होतो, म्हणजे साधारण १४ टक्के घट. रेडिएटरमधलं पाणी ९० अंशांवर असेल, तर फरक ७० वरून ४८, म्हणजे ३१ टक्के घट! उन्हाचा फटका पाण्याच्या गाडीला जास्त बसायला हवा.

मग हवेची गाडी का तापते? फिन्समध्ये चिखल बसलेला असतो, पंख्याच्या आवरणात उंदरानं घर केलेलं असतं किंवा "हवा लागू दे" म्हणून कोणीतरी सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरणच काढून ठेवलेलं असतं. पंख्याची हवा फिन्समधून नेणारं तेच तर आवरण! ते काढलं की हवा भलतीकडेच जाते आणि इंजिन आणखी तापतं.

मुलाखतीला जाण्यापूर्वी

मिस्त्री बिघाड शोधताना क्रम मोडत नाहीत: आधी करंट, मग पेट्रोल, मग कॉम्प्रेशन. आपणही एक क्रम ठेवू. तुमच्या विषयातला 'नेहमी चालणारा' एक उपाय निवडा: एखादं रसायन जास्त घालणं, डेटामधले टोकाचे आकडे वगळणं, मशीन बंद करून पुन्हा चालू करणं. वहीत तीन गोष्टी लिहा. हा उपाय आणखी कोणत्या कारणानं चालू शकतो? ती कारणं वेगळी करणारी एक चाचणी कोणती? आणि उपाय करताना नकळत मी दुसरं काय बदलतो?

मार्गदर्शकांनी "हे असं का होतं?" विचारलं, तर "सर, असं केलं की होतं" एवढ्यावर थांबू नका. वहीचं ते पान उघडा आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगा.