वंशकथा आणि राजसत्ता

तारापूरचें नांव निघालें म्हणजे आज अणुवीज केंद्र आठवतें. बोईसरच्या स्थानकावर उतरून त्या वाटेस लागणारास, राजकुळांच्या वंशकथांविषयीं हा मुलूख कांहीं शिकवील, अशी कल्पनाही नसते.

राजपूत घराण्यांच्या उत्पत्तीच्या कथा वाचकांस परिचित आहेत. कोणी सूर्यापासून, कोणी चंद्रापासून झाले. परमार, प्रतिहार, सोळंकी व चव्हाण तर अबूच्या पहाडावरील अग्निकुंडांतून निघाले, असें भाट सांगतात. परंतु प्रतिहार सम्राट मिहिर भोज याचा नवव्या शतकांतील ग्वाल्हेरचा शिलालेख अग्निकुंडाचें नांव घेत नाहीं. तो या कुळाचा संबंध रामबंधु लक्ष्मणाशीं जोडतो. एकाच कुळाची जन्मकथा अशी काळानुसार पालटत असेल, तर तिचें मोल तें काय?

याचें उत्तर आमच्या मतें याच मुलखांत सांपडतें. पोर्तुगीजांनीं १५५९ त दमण घेतलें. तारापूर, डहाणू हीं किनाऱ्यावरचीं ठाणीं त्यांच्या हातीं होतीं. पण मागील डोंगरपट्ट्यांत रामनगरचे राजे नांदत होते. पुढें धरमपूरचें म्हणून प्रसिद्धीस आलेलें हें घराणें स्वतःस शिसोदिया, म्हणजे मेवाडच्या राण्यांचें गोत्रज, म्हणवी. दमण प्रांतांतील गांवांबद्दल पोर्तुगीज या राजास चौथ देत. ही कांहीं सूर्यवंशास दिलेली दक्षिणा नव्हे; डोंगरांतून उतरणारी धाड टळावी, म्हणून दिलेला तो पैका होता.

रामनगरच्या दक्षिणेस जव्हार. तेथील मुकणे घराणें महादेव कोळ्यांचें. मूळ पुरुष जयबा यानें बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली, आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा प्रदेश वेढून घेतला, अशी त्याची कथा आहे. कार्थेज वसविणाऱ्या डिडो राणीविषयीं पाश्चात्त्य लोक हेंच सांगतात. या कथेंत ना सूर्य, ना अग्निकुंड. आहे ती केवळ चतुराई. तरीही दिल्लीच्या सुलतानानें १३४३ त जयबाच्या पुत्रास राजा म्हणून मान्यता दिली, अशी घराण्याची परंपरा आहे. आणि हें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें.

१६७२ त शिवाजी महाराजांच्या फौजेनें जव्हार व रामनगर हीं दोन्ही राज्यें घेतलीं, आणि रामनगरची चौथ आतां आम्हांस द्यावी, अशी मागणी महाराजांनीं पोर्तुगीजांकडे केली. या मागणीचा आधार वंश नव्हता. रामनगरचा ताबा होता. दोनच वर्षांनीं, १६७४ त, रायगडीं राज्याभिषेक झाला, तेव्हां मात्र भोसल्यांचें क्षत्रियत्व सिद्ध व्हावें म्हणून त्यांचें मूळ शिसोदियांशींच जोडलें गेलें. चौथ मागतांना ताबा पुरला. छत्र धरतांना वंश लागला. कारण तलवार कर वसूल करूं शकते, परंतु बरोबरीच्या सरदारांनीं मान लववावी व शास्त्रज्ञांनीं अभिषेक करावा, यासाठीं समाजास पटणारी भाषाच पाहिजे. ती भाषा वंशकथा पुरविते.

म्हणून आमच्या घरोघरींच्या वंशावळी जाळूं नयेत, आणि त्यांची पूजाही करूं नये. कुळाचा जन्म कोठें झाला, याचा पुरावा त्यांत क्वचितच मिळेल. कुळास केव्हां व कोणापुढें मान हवा होता, याचा मात्र पुष्कळदां मिळेल. सूर्याचें नांव न घेतां सहाशें वर्षें गादी राखणारे मुकणे शेजारीं असतां, कुळीवरून कोणास हलकें लेखण्याचा अधिकार या कथांनीं आम्हांस खचित दिलेला नाहीं.